प्रस्तावना : दोन तारखांच्या मधे

छत्तीसगडमध्ये दुर्ग शहराजवळून वाहणाऱ्या शिवनाथ नदीचा सुमारे तेवीस किलोमीटरचा पट्टा १९९८ साली एका खासगी कंपनीच्या ताब्यात गेला. कंपनीचं नाव रेडियस वॉटर लिमिटेड, कराराची मुदत २२ वर्षं, आणि कारण बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी पुरवण्याचं. छत्तीसगड राज्य तेव्हा झालेलं नव्हतं. करार मध्य प्रदेशच्या औद्योगिक महामंडळाने केला. काठावरच्या गावांना तो वाचायला मिळाला नाही, थेट अंगावर आला. जाळी टाकायला अटकाव झाला, शेतीच्या पंपांवर गदा आली. नऊ वर्षांनी, २००७ मध्ये, छत्तीसगड विधानसभेच्या लोकलेखा समितीने करार रद्द करावा आणि जबाबदार लोकांवर गुन्हे नोंदवावेत अशी शिफारस केली. त्यानंतरही नदी लगेच सुटली नाही. नदी विकता येते असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नव्हतं. पण ती विकता येत नाही, हे वेळेवर आणि योग्य कचेरीत जाऊन सांगणारं कोणीतरी असावं लागतं.

प्रस्तुत पुस्तक अशा सांगणाऱ्यांविषयी आहे. दिल्लीतल्या मोठ्या वकिलांविषयी त्यात फारसं नाही. जिल्ह्याच्या गावी एखाद्या खोलीत बसून माहिती अधिकाराचे अर्ज लिहिणाऱ्या, ग्रामसभेच्या ठरावाची प्रत जपून ठेवणाऱ्या आणि राष्ट्रीय हरित लवादाच्या मुदतीचे दिवस मोजणाऱ्या लहान संस्थांचा हा शोध आहे. पर्यावरणासाठी कायदा वापरणाऱ्या प्रादेशिक संस्था, असं या क्षेत्राचं कोरडं वर्णन करता येईल. मराठीत त्यावर सलग लेखन कमी आहे. आंदोलनांवर भरपूर लिहिलं गेलं, निकालांच्या बातम्याही झाल्या. पण दोन तारखांच्या मधल्या काळात कोण काय करत असतं, हे बहुतेक वेळा नोंदलंच गेलं नाही.

सुरुवात भिलाईपासून होते, याचं कोणाला नवल वाटेल. मराठी माणसाला भिलाई ठाऊक आहे ती मुंबई–हावडा मार्गावरचं पोलादाचं गाव म्हणून. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूरच होती, हे आता विदर्भातल्या तरुणांनाही सांगावं लागतं. कारखान्याला लोहखनिज आलं ते दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरातून. तिथलं खनिज संपत आलं तसा मोर्चा नारायणपूरकडच्या रावघाटकडे वळला. धुराडी भिलाईत आणि डोंगर दूर, अशी ही रचना आहे. शहरातल्या वसाहतींत झाडं लावली जातात, आणि जिथलं जंगल जातं ते गाव त्या शहराच्या नकाशावरही नसतं.

या रचनेवर पहिलं बोट ठेवलं ते कामगारांनी. शंकर गुहा नियोगी हे आधी भिलाईतलेच कामगार. १९७७ मध्ये त्यांनी दल्ली-राजहऱ्याच्या कंत्राटी खाणकामगारांची संघटना बांधली. पुढे छत्तीसगड मुक्ती मोर्चा उभा राहिला, त्याचा झेंडा लाल आणि हिरवा : लाल मजुरांचा, हिरवा शेतकऱ्यांचा. १९८३ मध्ये कामगारांच्या वर्गणीतून शहीद रुग्णालय सुरू झालं. खाणीत सरसकट यंत्रं आणण्याऐवजी अर्धयांत्रिकीकरणाचा पर्याय याच संघटनेने मांडला. जंगल ओळखायला शिकवणारी मोहीम तिने चालवली, आणि नियोगींनी ‘हमारा पर्यावरण’ नावाचा निबंधही लिहिला. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईतल्या घरात झोपेत असताना त्यांची गोळ्या झाडून हत्या झाली. खटला सत्र न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालला. २००५ मध्ये शेवटचा निकाल आला तेव्हा गोळी झाडणाऱ्याची जन्मठेप तेवढी उरली. ज्या उद्योजकांना सत्र न्यायालयाने दोषी धरलं होतं ते सुटले. कायद्याकडून किती अपेक्षा ठेवायची, याचा धडा भिलाईच्या कामगारांना असा घरातच मिळाला.

तरीही त्याच वस्तीतून एक वकील घडली. सुधा भारद्वाज आयआयटी कानपूरच्या पदवीधर. १९८० च्या दशकात त्या मुक्ती मोर्चात आल्या आणि कामगार वस्तीत राहू लागल्या. कंपन्यांचे वकील पुढे, आपले वकील तारखेला गैरहजर, हा अनुभव वारंवार आल्यावर संघटनेतल्या लोकांनीच त्यांना कायदा शिकायचा आग्रह धरला. २००० मध्ये, म्हणजे चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी पदवी घेतली. नव्या राज्याचं उच्च न्यायालय बिलासपूरला झालं, तिथे त्या वकिली करू लागल्या आणि ‘जनहित’ हे कायदेसाहाय्य केंद्र उभं राहिलं. मजुरी, भूसंपादन, वनहक्क, खाणींच्या मंजुऱ्या अशी सगळी प्रकरणं तिथे एकाच टेबलावर येत. पर्यावरणाचा खटला आणि मजुरीचा खटला वेगळा काढायचा नाही, ही भिलाईची खास शिकवण. ऑगस्ट २०१८ मध्ये भीमा-कोरेगाव प्रकरणात त्यांना अटक झाली. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने जामीन मिळाला, पण खटला संपेपर्यंत मुंबईतच राहण्याच्या अटीवर. एका व्यक्तीभोवती उभी राहिलेली संस्था किती नाजूक असते, हेही त्या तीन वर्षांत दिसलं.

भिलाई-बिलासपूरची ही कहाणी एकटी नाही. तिच्यामागे पन्नासएक वर्षांचा देशभरचा प्रवास आहे. १९७४ चा जल प्रदूषण कायदा, १९८० चा वनसंवर्धन कायदा, १९८१ चा हवा प्रदूषण कायदा आणि भोपाळच्या वायुकांडानंतर आलेला १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, हे चार खांब. पण चारही खांब उभे राहण्याआधीच रतलामच्या रहिवाशांनी उघड्या गटारांविरुद्ध फौजदारी संहितेचं जुनं कलम १३३ वापरलं होतं. नगरपालिकेने पैसे नसल्याचं कारण दिलं. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते कारण चालणार नाही असं सांगितलं. नवा कायदा हाती नसेल तर जुनाच धार लावून वापरायचा, ही रीत तिथून रूढ झाली.

प्रादेशिक संस्थेचा पहिला ठसठशीत नमुना मात्र डेहराडूनचा. तिथल्या ‘रूरल लिटिगेशन अँड एंटायटलमेंट केंद्र’ या संस्थेने १९८३ मध्ये मसुरीच्या डोंगरातल्या चुनखडीच्या खाणींबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्या पत्राचीच याचिका झाली आणि १९८५ मध्ये अनेक खाणी बंद झाल्या. १९९७ मध्ये आंध्रातल्या ‘समता’ या लहान संस्थेने आदिवासी क्षेत्रातली जमीन खासगी खाणींना देता येणार नाही असा निकाल मिळवला. दोन्ही ठिकाणी खटल्याचं बळ स्थानिक माहितीत होतं. कुठली खाण कुठल्या झऱ्यावर बसली आहे, कुठला पट्टा कोणाच्या नावावर आहे, हे दिल्लीत बसून कळत नाही.

पुढे या क्षेत्रात दोन-तीन घराणी तयार झाली. मुंबईचं घराणं सनदशीर आणि चिवट. १९७९ मध्ये श्याम चैनानी यांनी सुरू केलेल्या बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुपने माथेरान, महाबळेश्वर, वारसा इमारती आणि किनारा यांसाठी फायलींवर फायली उभ्या केल्या. त्यांच्याच याचिकेवर २००५ मध्ये खारफुटी तोडण्यावर बंदीचा अंतरिम आदेश आला आणि २०१८ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने तो कायम केला. तेरा वर्षं! अंतरिम आदेशानेच त्या काळात खाडीकाठ सांभाळला, हे विसरून चालत नाही.

गोव्याचं घराणं अधिक आक्रमक. १९८६ मध्ये म्हापशात सुरू झालेल्या गोवा फाउंडेशनने क्लॉड अल्वारिस यांच्या पुढाकाराने खनिज उद्योगाचा हिशेबच मांडला. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की खाणपट्ट्यांची मुदत २००७ मध्येच संपली होती. वार्षिक उत्खननावर दोन कोटी टनांची मर्यादा आली, भावी पिढ्यांसाठी कायम निधी ठरला. सरकारने ८८ पट्टे पुन्हा त्याच लोकांना दिले तेव्हा फाउंडेशन परत न्यायालयात गेलं, आणि ७ फेब्रुवारी २०१८ ला ते सगळे रद्द झाले. याची दुसरी बाजूही आहे. ट्रक, बार्ज आणि गॅरेज यांवर जगणारी हजारो गोवेकर घरं या निकालांनी अडचणीत आली आणि त्यांचा राग खाणमालकांपेक्षा याचिकाकर्त्यांवर निघाला. नियोगींच्या संघटनेने रोजगाराचा जो प्रश्न कधी बाजूला ठेवला नाही, तो गोव्याच्या खटल्यात उशिरा आला. प्रस्तुत पुस्तक ही उणीव लपवत नाही, आणि ते बरंच आहे.

डहाणूची गोष्ट तिसऱ्याच वळणाची. १९९१ मध्ये तालुक्याला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केलं गेलं, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं आणि त्याचं अध्यक्षपद न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्याकडे गेलं. निकाल देऊन न्यायालय मोकळं झालं नाही, देखरेखीची कायमची व्यवस्था मागे ठेवून गेलं. १९९८ मध्ये वाढवण बंदराला प्राधिकरणाने नकार दिला. तिथल्या औष्णिक वीजकेंद्राला धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवायला लावली. धर्माधिकारी २०१९ मध्ये गेले. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने वाढवणला हिरवा कंदील दाखवला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली. माणसं बदलली की संस्था बदलते, इतकाच याचा अर्थ की आणखी काही, यावर चिकूच्या वाड्यांत आणि मच्छीमारांच्या वस्त्यांत अजून एकमत नाही.

ग्रामसभेला कायद्याचा पाया मानणाऱ्यांचा प्रवाह वेगळा. अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा ही त्यांची आयुधं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची कित्येक वर्षांची अभ्यासगटाची बैठक त्यामागे होती. सरहद्दीपलीकडे, छत्तीसगडच्या सरगुजा जिल्ह्यातल्या घाटबर्रा गावालाही असाच हक्क मिळाला होता. जानेवारी २०१६ मध्ये तो प्रशासनाने रद्द केला. गावकरी त्या हक्काचा आधार घेऊन कोळसा खाण अडवतात, असं कारण पुढे केलं गेलं. हक्क वापरला म्हणून काढून घेतला, असं सरळ भाषेत म्हणता येईल.

घाटबर्रा हसदेव अरण्यात येतं. सुमारे १ लाख ७० हजार हेक्टरचं हे जंगल आहे, खाली कोळसा आणि वरून हत्तींची वाट. २०११ मध्ये वन सल्लागार समितीने नकार दिला असताना केंद्रीय मंत्र्यांनी परसा पूर्व–केते बासन खाणीला वनमंजुरी दिली. बिलासपूरचे वकील सुदीप श्रीवास्तव यांनी तिला आव्हान दिलं आणि २४ मार्च २०१४ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने ती रद्द ठरवली. लवादाने अभ्यास करायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने काम चालू ठेवायला मुभा दिली. खाण चालू राहिली. मग वाया गेला का तो खटला? त्यातून निघालेल्या अभ्यासानेच पुढे नोंदवलं की देशातल्या हत्तींपैकी एक टक्क्याहून कमी हत्ती छत्तीसगडमध्ये आहेत, पण हत्तींमुळे होणाऱ्या मानवी मृत्यूंत राज्याचा वाटा पंधरा टक्क्यांहून जास्त आहे. २०२१ मध्ये गावकरी तीनशे किलोमीटर चालत रायपूरला गेले. जुलै २०२२ मध्ये विधानसभेने हसदेवमधले कोळसापट्टे रद्द करण्याचा ठराव एकमताने केला. छत्तीसगड बचाओ आंदोलनाचे आलोक शुक्ला यांना २०२४ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. जुन्या खाणीसाठी झाडं मात्र पडतच आहेत.

या पुस्तकाचं मध्यवर्ती म्हणणं इथे स्पष्ट होतं. न्यायालय जंगल वाचवतं असं मानणं भाबडेपणाचं आहे; न्यायालय फार तर वेळ देतं. त्या वेळात गाव काय करतं, संस्था काय जमवते, यावर पुढचं ठरतं.

रायगढचं उदाहरण यासाठी सविस्तर पाहण्यासारखं आहे. (कोकणातलं रायगड नव्हे, छत्तीसगडच्या ओडिशा सरहद्दीवरचं.) रमेश अग्रवाल यांचं तिथे सायबर कॅफे होतं. मोठ्या विद्यापीठाची पदवी नाही, वकिलीची सनद नाही. ‘जन चेतना’ या संस्थेच्या नावाने ते गावोगावी जाऊन प्रकल्पांचे कागद समजावून सांगत. जिंदल कंपनीच्या गारे ४/६ कोळसा खाणीसाठी ५ जानेवारी २००८ रोजी खम्हरिया गावात जनसुनावणी झाली. विरोध झाला आणि पोलिसांनी लाठीमार केला. तरीही सुनावणी झाली असं दाखवून २००९ मध्ये पर्यावरण मंजुरी देण्यात आली. सुनावणीची सीडी, लोकांची निवेदनं, तारखा, सूचनापत्रं हे सगळं गोळा करून आदिवासी मजदूर किसान एकता संघटन आणि अग्रवाल यांनी मंजुरीला आव्हान दिलं. मधल्या काळात, २०११ मध्ये, कंपनीच्या तक्रारीवरून अग्रवाल यांना दोन महिन्यांहून अधिक काळ तुरुंगात काढावा लागला. २० एप्रिल २०१२ रोजी हरित लवादाने मंजुरी रद्द केली. जनसुनावणी म्हणजे निव्वळ फार्स झाला, असा त्याचा रोख होता. अडीच महिन्यांनी, जुलै २०१२ मध्ये, दोघं जण अग्रवालांच्या कॅफेत शिरले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. मांडीच्या हाडाचा चुराडा झाला, जीव वाचला. २०१४ मध्ये त्यांना गोल्डमन पुरस्कार मिळाला तेव्हा जगाला रायगढचं नाव कळलं.

या खटल्यात कोळशाच्या धुळीचं रसायनशास्त्र निर्णायक ठरलं नाही. सुनावणी नियमाने झाली नाही, एवढाच मुद्दा पुरला. प्रक्रियेवर जिंकणं काही पर्यावरणवाद्यांना कमी दर्जाचं वाटतं, कारण कंपनी पुन्हा सुनावणी घेऊन परत येऊ शकते. आक्षेप खरा आहे. पण ज्या गावाला पहिल्यांदा कोणी अधिकृतपणे सांगतं की तुमचं ऐकून घेतलं गेलं नाही, त्या गावाची दुसरी सुनावणी पहिल्यासारखी होत नाही.

मुदतीचं गणित इथे जीवघेणं आहे. पर्यावरण मंजुरीविरुद्ध हरित लवादात अपील करायला ३० दिवस मिळतात; सबळ कारण दाखवलं तर आणखी ६०. नव्वद दिवस संपले की दार बंद. छत्तीसगडसाठी लवादाचं खंडपीठ भोपाळला आहे, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुण्याला. बस्तरच्या माणसाने मंजुरी झाल्याचं कळून, कागद मिळवून, वकील गाठून भोपाळला पोचायचं ते या नव्वद दिवसांत. जिल्ह्यात बसलेल्या संस्थेची गरज याहून नेमकी सांगता येणार नाही.

आताच हे पुस्तक का, याची कारणं गेल्या चार वर्षांत साठली आहेत. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी ग्रामसभेच्या संमतीचा प्रश्न केंद्राच्या मंजुरीनंतर राज्याच्या पायरीवर ढकलला. २०२३ मध्ये वनसंवर्धन कायद्याचं नाव आणि व्याप्ती दोन्ही बदललं, आणि त्याच वर्षीच्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण कायद्यातली बरीचशी तुरुंगवासाची शिक्षा जाऊन दंड आला. मुंबईच्या ‘वनशक्ती’ या संस्थेच्या याचिकेवर १६ मे २०२५ रोजी न्यायमूर्ती ओक आणि भुयां यांनी, आधी बांधा आणि नंतर मंजुरी घ्या, ही पद्धत बेकायदा ठरवली. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा मताने तो निकाल मागे घेतला. वेगळं मत भुयां यांचं होतं. एकीकडे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालय हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क मान्य करतं, आणि दुसरीकडे त्या हक्काची रोजची हत्यारं बोथट होत जातात. परदेशी देणग्यांच्या नियमांमुळे या संस्थांचे खिसेही रिकामे झाले आहेत.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत कोरबा आणि चंद्रपूर शेजारी शेजारी होते, दोघांचे गुण ८३ च्या घरात. कोरब्याची राख आणि चंद्रपूरची राख यांत राज्याची सीमा सोडली तर फरक नाही. म्हणून भिलाई, बिलासपूर, रायगढचा अनुभव विदर्भाला उसना वाटू नये. गडचिरोलीतल्या सुरजागडच्या डोंगरात जंगल आणि खाणीचा तोच प्रश्न मराठीत आणि माडियात विचारला जातो आहे.

पुस्तक खटल्यांचा कोश व्हायचा प्रयत्न करत नाही. कलमांची यादी हवी असेल तर त्यासाठी वेगळी पुस्तकं आहेत. निकालाच्या आधी आणि नंतर गावात काय घडलं, याकडे त्याचं लक्ष आहे. जिंकलेल्या आणि हरलेल्या प्रकरणांना ते सारखीच जागा देतं. बस्तरवर अजून पानं हवी होती. तिथल्या ग्रामसभांच्या नोंदी मिळवणं आजही सोपं नाही, तरी ही उणीव पुढच्या आवृत्तीत भरून निघायला हवी. कायद्याची भाषा सोपी करताना काही ठिकाणी बारकावे निसटले असतील, ते जाणकारांनी जरूर दाखवावेत.

वाचकाने मात्र पुस्तक मिटून ठेवण्याआधी एक काम करावं. २००६ च्या अधिसूचनेनुसार प्रत्येक जनसुनावणीची जाहिरात किमान ३० दिवस आधी एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात द्यावी लागते, प्रकल्पाचा मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो, सुनावणीला गणसंख्येची अट नाही, आणि त्या दिवसाचं इतिवृत्त उपस्थितांना तिथेच त्यांच्या भाषेत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. आपल्या जिल्ह्यातली पुढची सुनावणी कधी आहे ते शोधावं, तिथे जावं, आणि इतिवृत्त वाचून झाल्याशिवाय उठू नये.